प्रवेश मिळाला, पण मुलगा गेलाच नाही

ताई, नमस्कार.
मी एकतीस वर्षांची आहे. सात वर्षं शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवते. शिकवणं आवडतं, पण गेली दोन वर्षं एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा त्याच्या घरातून कॉलेजात जाणारा पहिलाच ठरणार होता. अर्ज भरताना मी त्याच्या शेजारी बसले होते. हव्या त्या कॉलेजात, हव्या त्या शाखेला प्रवेश मिळाला. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुट्टी संपल्यावर कळलं की तो गेलाच नाही. का, ते आजही मला ठाऊक नाही.
तेव्हापासून वाटतंय की पूर्णवेळ शाळेची समुपदेशक व्हावं. तशीही मुलं तास संपला की माझ्यापाशी रेंगाळतात, घरचं-बाहेरचं सांगतात. पण त्यासाठी पुन्हा दोन वर्षं शिकावं लागेल. घरचे म्हणतात, हातात चांगला विषय असताना हे मध्येच काय? आमच्या शाळेत आधी ज्या समुपदेशक बाई होत्या, त्या दिवसभर फॉर्म तपासत आणि परीक्षेचे बैठक क्रमांक लावत बसायच्या, हेही मी पाहिलंय. मला हे काम जमेल का? आणि एक विचारू? त्या मुलाला आता फोन केला तर चालेल का, की फार उशीर झाला?
— एक गणित शिक्षिका

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी शेवटीच घेते, कारण बाकीचं बोलून झाल्याशिवाय त्याचं उत्तर नीट देता येणार नाही. पण सुरुवात त्याच मुलापासून करते.

तो एकटा नाही. शाळा संपलेली आणि कॉलेज सुरू न झालेलं, अशा मधल्या दोन-तीन महिन्यांत कॉलेजला जायचं पक्कं ठरवलेली मुलंही गळतात. अमेरिकेत बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या अभ्यासकांनी या गळतीचा माग काढला. अशा मुलांपैकी साधारण 10 ते 20 टक्के मुलं कॉलेजात पोचतच नाहीत असं त्यांना दिसलं, आणि कमी उत्पन्नाच्या घरांत हे प्रमाण आणखी जास्त. तिकडे याला 'समर मेल्ट' म्हणतात, म्हणजे उन्हाळ्यात विरघळून जाणं. मला हे नाव पटत नाही. बर्फ आपोआप विरघळतो, मुलं आपोआप गळत नाहीत. ती कुठल्यातरी कागदापाशी, तारखेपाशी, कधी नुसत्या एका शब्दापाशी अडतात, आणि त्या वेळी विचारायला जवळ कोणी नसतं. शाळेचं दार मागे बंद झालेलं, कॉलेजचं अजून उघडलेलं नाही.

शब्दापाशी कसं अडतात ते सांगते. मी स्वतः शाळेची समुपदेशक. अशाच एका सुट्टीत मी शाळेत काही कागद आवरायला गेले होते. नुकतीच शाळा संपवलेली एक मुलगी ग्रंथालयाचं राहिलेलं पुस्तक परत करायला आली. पुस्तक उघडलं तर आत चार घड्या घातलेलं पत्र. कॉलेजचं होतं. 'आपणांस तात्पुरता प्रवेश देण्यात येत आहे' असं पहिलंच वाक्य, आणि त्यातल्या 'तात्पुरता'खाली पेन्सिलीने दोनदा रेघ मारलेली. तिचे वडील म्हणाले होते, तात्पुरत्यासाठी एवढे पैसे कशाला भरायचे, मध्येच काढून टाकलं तर? मूळ गुणपत्रिका आणि दाखले तपासून होईपर्यंत कॉलेजं असंच लिहितात, हे त्या घरात कोणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. पत्र अकरा दिवस घरात पडून होतं. फी भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी तिच्यासमोर त्या शब्दावर बोट ठेवून अर्थ सांगितला, मग तिच्या वडिलांना फोन लावला आणि तेच त्यांनाही सांगितलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. मुलगी हुशार होती, तिला शिकायचं होतं, घरातून विरोध नव्हता, पैशांचीही जुळवाजुळव झाली होती. गाडी अडली होती ती एका विशेषणापाशी.

माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोलाचं काम कोणतं असं मला कोणी विचारलं, तर मी ती वीस मिनिटं सांगते.

आणि हे नुसतं माझ्या मनाचं नाही. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये छापून आले. कराचं विवरणपत्र भरून घ्यायला येणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना तिथल्या तिथे बसवून मुलाच्या सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्जही भरून दिला. दुसऱ्या काही कुटुंबांना फक्त एवढंच सांगितलं की तुम्हाला अमुक इतकी मदत मिळू शकते, अर्ज तुम्ही भरा. ज्यांना काहीच मदत दिली नव्हती त्यांच्या घरातल्या, शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांपैकी पुढच्या तीन वर्षांत दोन वर्षं कॉलेज पूर्ण करणारी 28 टक्के होती. ज्यांचा अर्ज शेजारी बसून भरून दिला, त्यांच्यात ती 36 टक्के झाली. आणि ज्यांना नुसती माहिती दिली, त्यांच्यात काहीही फरक पडला नाही. हे मी अनेक मुख्याध्यापकांना सांगितलं आहे, कारण आपल्या शाळांचा सगळा भर माहितीवरच असतो. व्याख्यान ठेवा, पत्रक वाटा, फलकावर तारखा लावा, झालं मार्गदर्शन. मुलांना माहिती कमी पडते हे खरंच. पण माहिती हातात पडल्यावर पुढचं पाऊल टाकताना जो हात थरथरतो, त्याचं काय?

नंतर लोकांना वाटलं, मग मुलांच्या फोनवर आठवणीचे मेसेज पाठवू, स्वस्तात काम होईल. लहान प्रमाणावर, मुलांच्या ओळखीच्या संस्थांनी ते केलं तेव्हा थोडा उपयोग झालाही. पुढे मोठ्या संस्थांमार्फत आठ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना असे मेसेज गेले, आणि प्रवेशाच्या आकड्यांवर त्याचा परिणाम शून्य. त्या अभ्यासात कॅसलमन स्वतःही होते. कारणं बरीच असतील. मी माझ्या अनुभवाचं सांगते: मूल उत्तर देतं ते ओळखीच्या माणसाला. 'उद्या शेवटची तारीख आहे' हे तुम्ही सांगितलंत तर ते म्हणेल, 'हो बाई, पण एक अडचण आहे.' ही अडचण ते मेसेजला सांगणार नाही.

म्हणून 'मला जमेल का' याचं अर्धं उत्तर एका साध्या प्रश्नात आहे. तुम्हाला पाठपुरावा करायला आवडतो का? म्हणजे तोच प्रश्न त्याच मुलाला चौथ्यांदा विचारायला, न चिडता, न टोमणा मारता? तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'का, ते आजही मला ठाऊक नाही.' हे मी दोष द्यायला लिहीत नाही. तुमच्यापुढे वह्यांचे गठ्ठे होते, नवी तुकडी आली होती, आणि शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाचा माग ठेवणं तुमच्या कामात कुठेच लिहिलेलं नव्हतं. समुपदेशक झालात तर ते तुमचंच काम असेल. टाळ्या वाजून गेल्यावर तुमचं काम सुरू होईल, आणि त्या कामाला सहसा कोणी टाळ्या वाजवत नाही. दोन वर्षं झाली तरी तुमच्या मनात ते वाक्य आहे, हे मला फार आश्वासक वाटतं.

उरलेलं अर्धं उत्तर जास्त अवघड आहे, आणि तिथे तुमचं चांगलं शिक्षक असणंच थोडं आड येईल.

मी या कामात नवीन होते तेव्हाची गोष्ट. शेवटच्या वर्षातला एक मुलगा माझ्याकडे आला. 'मॅडम, हॉस्टेल असलेली कॉलेजं कोणती, यादी मिळेल का?' मी खूश झाले. मुलगा स्वतःहून आला, नेमकं विचारतोय. मी अर्धा तास खपून त्याला सुबक यादी करून दिली. शाखा, अंतर, हॉस्टेलच्या जागा, अर्जाच्या तारखा. तो 'थँक्यू' म्हणून गेला. काही आठवड्यांनी तो शाळेत यायचाच बंद झाला, आणि मग हळूहळू कळलं की घरात त्याला मारहाण होत होती, बरीच वर्षं. त्याला कॉलेज नको होतं असं नाही, पण त्याला सगळ्यात आधी हवं होतं ते घराबाहेरचं छप्पर. हॉस्टेलच का, हे मी त्याला विचारलं नाही. 'घरापासून लांब राहायचंय का?' एवढं एक वाक्य मी बोलले असते आणि मग गप्प बसले असते, तर कदाचित त्याने सांगितलं असतं. कदाचित नसतंही. पण मी ती जागाच ठेवली नाही. माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते देण्याच्या घाईत मी प्रश्न ऐकलाच नाही.

मुलं जो प्रश्न घेऊन येतात तो बऱ्याचदा आत येण्याचा परवाना असतो. 'सायन्स घेऊ की कॉमर्स', 'अमुक परीक्षा अवघड असते का', 'एक वर्ष थांबलं तर चालतं का'. शेवटच्या प्रश्नावर तर मी आता लगेच काहीच बोलत नाही. खुर्ची पुढे करते आणि म्हणते, 'बस, सांग.'

गणित शिकवणाऱ्याला प्रश्न दिसला की उत्तराकडे जायची सवय असते, आणि ती चांगलीच सवय आहे. पण इथे ती आवरावी लागेल. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने 1957 मध्ये मांडलं की समोरच्या माणसात बदल घडायला मदत करणाऱ्याकडून तीन गोष्टी लागतात: त्याचा स्वतःचा खरेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार, आणि समानुभूती, म्हणजे त्याच्या जागेवरून त्याचं जग पाहता येणं. यात सल्ला कुठेच नाही. अभ्यासक्रमात हे तुम्ही पहिल्याच सत्रात शिकाल, परीक्षेत लिहालही. अंगवळणी पडायला मात्र मला काही वर्षं लागली. 'विनाअट' हा त्यातला सगळ्यात कठीण शब्द. ज्या मुलाने तुमचं काहीच ऐकलं नाही, अर्ज भरायचा राहिला म्हणून खोटं सांगितलं, तो पुन्हा दारात उभा राहिला की चेहऱ्यावर 'मी सांगितलं होतं ना' उमटू न देणं, हे कौशल्य आहे.

ऐकताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी 1981 मध्ये एक सिद्धांत मांडला, तो मला रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडला आहे. त्या म्हणतात, मुलं करिअर निवडण्याच्या कितीतरी आधी पर्याय खोडायला लागतात. साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात 'हे मुलींचं काम, हे मुलांचं काम' म्हणून काही पर्याय जातात. नऊ ते तेरा या वयात 'हे आपल्यासारख्यांना जमायचं नाही' किंवा 'हे आपल्याला शोभायचं नाही' म्हणून आणखी काही जातात. तुमच्यासमोर सतरा वर्षांचं मूल बसून 'मला दोनच पर्याय आहेत' म्हणतं, तेव्हा बाकीचे त्याने नऊ-दहाव्या वर्षीच खोडलेले असतात आणि खोडल्याचं त्याला आठवतही नसतं. मी कधीकधी कोरा कागद पुढे ठेवून विचारते, 'लहानपणी काय व्हावंसं वाटायचं आणि ते कधी सुटलं?' या 'कधी'वर मुलं थांबतात. एका मुलीने बराच वेळ विचार करून सांगितलं होतं, 'काकांनी हसून बघितलं त्या दिवशी.' मग आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो, कॉलेजबद्दल नंतर.

आता तुमच्या शाळेतल्या त्या बाईंबद्दल. बैठक क्रमांक लावणं, ऑफ तासाला वर्गावर जाणं, याद्या टंकणं, शिक्षा म्हणून पाठवलेल्या मुलांना बसवून ठेवणं. हे सर्रास होतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. त्या बाई कामचुकार होत्या असं कृपा करून समजू नका. शाळेला समुपदेशक म्हणजे नक्की काय हे ठाऊक नसलं की ती व्यक्ती 'मोकळी' दिसते, आणि मोकळ्या माणसाला कामं लावली जातात. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेचा आग्रह आहे की समुपदेशकाचा किमान 80 टक्के वेळ विद्यार्थ्यांसाठीच्या कामात जावा आणि एका समुपदेशकाकडे 250 विद्यार्थी असावेत. तिथेही प्रत्यक्षात राष्ट्रीय सरासरी साडेतीनशेच्या वर आहे, तेव्हा हे आकडे आदर्श म्हणूनच धरा. पण मुलाखतीला जाल तेव्हा हेच दोन प्रश्न विचारा: माझ्याकडे किती मुलं असतील, आणि माझ्या आठवड्यातले किती तास मुलांबरोबर जातील? तिसराही विचारा, बंद होणारं दार असलेली खोली मिळेल का? कार्यालयाच्या कोपऱ्यात, कपाटाआड टेबल लावून हे काम होत नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर ती नोकरी घेताना शंभरदा विचार करा. घेतलीत तर पहिल्या महिन्यापासून कोणता वेळ कशात गेला याची साधी नोंद ठेवा. मी मुख्याध्यापकांपुढे अशीच एक वही ठेवली होती. तक्रार केली असती तर वाद झाला असता. वही त्यांनी शांतपणे वाचली आणि परीक्षेचं काम माझ्याकडून काढून घेतलं.

फॉर्म मात्र पूर्ण सुटणार नाहीत, आणि सुटूही नयेत. 'तात्पुरता'ची गोष्ट तुम्ही वर वाचलीतच. बैठक क्रमांकाचा कागद आणि शिष्यवृत्तीचा अर्ज हे दोन्ही कागदच, पण दुसऱ्याच्या पलीकडे एक मूल उभं आहे. शिफारसपत्रांचंही तसंच. 'विद्यार्थी प्रामाणिक व मेहनती आहे' हे वाक्य कोणालाही लागू पडतं, त्यामुळे कोणाच्याच कामाचं नसतं. 'धाकट्या भावाला सांभाळून संध्याकाळी सातनंतर अभ्यासाला बसायचा आणि तरी वर्षभरात एकही गृहपाठ चुकला नाही' हे लिहायला त्या मुलाशी आधी बोलावं लागतं.

हे काम नक्की कोणासाठी, हा प्रश्नही लवकरच समोर येईल. या व्यवसायाचा इतिहासच तसा आहे. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय उघडलं. स्वतःला ओळखा, कामांचं जग ओळखा, आणि दोन्हींचा विचारपूर्वक मेळ घाला, अशी त्यांची साधी तीन पावलं. कार्यालय उघडलं त्याच वर्षी ते वारले, त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं, पण ती तीन पावलं आजही टिकून आहेत. तिथे केंद्रस्थानी तरुण मुलगा-मुलगी होती. मग 1957 मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, अमेरिका हादरली, आणि 1958 च्या कायद्याने शाळांतल्या समुपदेशनासाठी आणि समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी सरकारी पैसा आला. हेतू हा की हुशार मुलं हेरायची आणि विज्ञानाकडे वळवायची. समुपदेशकांची संख्या त्यामुळे वाढली, हे चांगलंच झालं. पण मुलाला काय हवंय आणि मोठ्यांना मुलाकडून काय हवंय, ही ओढाताण तेव्हापासून या खुर्चीत बसलेली आहे. शाळेला फलकावर मोठ्या कॉलेजांची नावं हवी असतात. पालकांना शेजारच्या मुलापेक्षा वरचं काहीतरी हवं असतं. एखाद्या मुलाला मात्र विद्युतकाम शिकून दोन वर्षांत पायावर उभं राहायचं असतं, आणि त्याच्यासाठी ते योग्यही असतं. त्याला पदवीकडे ढकलणं हे तुमचं काम नाही. उलट पदवीची ओढ असून 'आमच्यात कोणी जात नाही' म्हणून मागे सरणाऱ्या मुलाला 'तुझी इच्छा' म्हणून सोडून देणं, हेही नाही. दोघांमधला फरक ओळखायला वेळ द्यावा लागतो. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. कोणताही अभ्यासक्रम निवडताना विषयांची यादी नंतर पाहा. आधी हे विचारा की प्रत्यक्ष मुलांबरोबर, अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली किती तास काम करायला मिळेल. तुलनेसाठी, अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत आधी 100 तासांचा सराव आणि मग 600 तासांची इंटर्नशिप असते. काही आठवड्यांत प्रमाणपत्र देणारे वर्ग दिसतील. त्यात चाचण्या घ्यायला शिकवतात आणि कोणत्या मुलाला कोणती शाखा 'येते' हे छापील अहवालावरून सांगायला शिकवतात. चाचणीचा उपयोग बोलणं सुरू करण्यापुरता असतो. तिच्यावर मुलाचं आयुष्य लावून देणाऱ्यांपासून दूर राहा.

आणि हे विसरू नका: कॉलेजच्या निमित्ताने उघडलेल्या दारातून कधीकधी फार जड गोष्टी आत येतात. पहिल्याच भेटीत मुलाला साध्या भाषेत सांगायचं असतं, 'तू बोलशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कोणी इजा करत असेल, तर मला ते योग्य माणसांना सांगावंच लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला कळवीन.' मुलांवरचा अत्याचार कळला तर तो न दडवणं हे बऱ्याच देशांत कायद्यानेच बंधनकारक आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार एखाद्याच्या बोलण्यात डोकावला, तर आडून न विचारता सरळ विचारायचं असतं. 'विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल' ही भीती अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. उलट कोणीतरी विचारलं याने मुलाचा जीव हलका होतो. हे तुम्हाला प्रशिक्षणात शिकवतील. तोवर असं काही समोर आलं तर एकटीने पेलू नका, त्याच दिवशी प्रशिक्षित माणसाकडे न्या. आणि समुपदेशक झाल्यावरही स्वतःसाठी बोलायला एक ज्येष्ठ सहकारी धरून ठेवा. माझ्या त्या हॉस्टेलवाल्या मुलाबद्दल मी ज्या बाईंशी बोलले, त्या नसत्या तर मी त्याच वर्षी हे काम सोडलं असतं.

घरच्यांना काय सांगाल? त्यांची काळजी खोटी नाही. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. पण तुमचं गणित वाया जाणार नाही. गणितात नापास होण्याच्या भीतीने किती मुलं आपल्या आवडीची शाखा सोडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती भीती आतून ओळखणारी समुपदेशक शाळेला मिळणं मोठी गोष्ट आहे. फक्त त्याच मुलांची गणिताची शिक्षिका आणि त्यांचीच समुपदेशक अशी दुहेरी जबाबदारी घेऊ नका, शाळा तसं सुचवेल तरीही. जिच्या हातात आपले गुण आहेत, तिच्यासमोर मूल मोकळं होत नाही. तुमच्याकडे आज मुलं रेंगाळतात ती तुम्ही प्रेमळ आहात म्हणून. पण जी रेंगाळत नाहीत, त्यांचाही विचार करा. समुपदेशकाची खरी गरज बहुतेकदा त्यांना असते.

नोकरी सोडण्याआधी एक वर्ष असं करून पाहा. यंदाच्या शेवटच्या वर्षातली पाच मुलं घ्या, ज्यांच्या घरात कॉलेजला कोणी गेलेलं नाही अशी. एका वहीत प्रत्येकाला दोन पानं. दर आठवड्याला प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला, आणि त्यातली पहिली पाच मिनिटं एकही सल्ला देऊ नका. शाळा संपली तरी वही मिटू नका. निकालानंतर, फीच्या मुदतीआधी, कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात, आणि मग तिसऱ्या आठवड्यात फोन करा. तिसरा आठवडा मुद्दाम सांगते. पहिल्या आठवड्यात नवलाई असते. तिसऱ्यात एकटेपण येतं, इंग्रजीतलं व्याख्यान डोक्यावरून जातं, आणि 'घरी परत जावं' असं वाटायला लागतं. वर्षाअखेरीस वही वाचा. तो शेवटचा फोन करताना तुम्हाला ओझं वाटलं की उत्सुकता, हे तुमचं तुम्हालाच कळेल. ओझं वाटलं तर उत्तम गणित शिक्षिका म्हणून राहा, त्यात काही कमी नाही. उत्सुकता वाटली तर अभ्यासक्रमाचा अर्ज भरा. आणि तो भरताना कोणाला तरी शेजारी बसवा.

आता त्या मुलाचा फोन.

करा. दोन वर्षं म्हणजे उशीर नाही. तो आता एकोणीस-वीस वर्षांचा असेल. मात्र 'का गेला नाहीस' हा पहिला प्रश्न नको. त्याने तो स्वतःला बऱ्याचदा विचारला असेल, आणि तुमच्या तोंडून आला की त्याला तो हजेरीतला जाब वाटेल. तुमचं नाव सांगा, म्हणा की सहज आठवण आली, आणि विचारा, 'कसा आहेस? सध्या दिवस कसा जातो?' तो कामावर असेल तर कामाबद्दल ऐका, खरंच ऐका, ते कॉलेजपेक्षा कमी आहे असा सूर येऊ देऊ नका. कदाचित तो मजेत असेल आणि त्याचं नीट चाललं असेल. मग तुम्हालाही ते कळायला हवं. कदाचित तो स्वतःच म्हणेल, 'बाई, तेव्हा जाता आलं नाही.' तेव्हा लगेच काही सुचवू नका. 'हं' म्हणा आणि थांबा. तो बराच वेळ काही बोलला नाही तरी थांबा. त्या दिवशी फोन एवढ्यावरच संपला तर संपू द्या, आणि ठेवण्याआधी विचारा, 'पुढच्या रविवारी परत करू का?'

त्याने हो म्हटलं तर रविवारी नक्की करा.